अर्जदाराशी नाते

हीना : थांबा आजी, जरा सावकाश. सर्व्हेवाला आला तेव्हा तुम्ही नेमक्या कुठं होतात?

तुळजाबाई : कुटं म्हंजे? माझ्या कैलासच्या ओट्यावर. तांदूळ निवडत बसले व्हते. त्यो आला गाडीवरनं, गळ्यात पट्टा, हातात पाटीएवढा मोबाईल. म्हणला, तुळजाबाई कोंडाजी तुमीच का?

हीना : मग?

तुळजाबाई : मग काय. व्हय म्हणलं, बसा. उन्हातनं आलेलं लेकरू. च्या टाकला.

हीना : आणि त्यानं विचारलं, घर कुणाचं?

तुळजाबाई : आमचंच की, म्हणलं.

हीना : आजी...

तुळजाबाई : तर काय म्हणू गं? ओट्यावर बसवला, हातात कप दिला, आन मग सांगू का त्याला, की बाबा ह्ये घर माझं न्हाई, मी पल्याड गोठ्यात निजते? त्याला त्यो च्या तरी गेला असता का?

हीना : फ्रीजबद्दल विचारलं का?

तुळजाबाई : फ्रीज हाय का म्हणला. मी म्हणलं, थंड पाणी देऊ का?

हीना : आणि खोल्या?

तुळजाबाई : सात सांगितल्या.

हीना : कैलासदादा परवा फोनवर पाच म्हणाले.

तुळजाबाई : मोरी-संडास धरून सात. आता त्यो मोजाया थोडाच जाणार व्हता आत? कमी कशापायी सांगायचं.

हीना : त्यानं फोटोपण काढलाय. हा बघा, माझ्या कॉम्प्युटरवर आलाय. घराच्या दारात उभ्या आहात, डोक्यावर पदर, आणि हसताय.

तुळजाबाई : फोटू चांगला काढलाय की.

हीना : फारच छान काढलाय. आणि ह्याच फोटोमुळं घरकुलाच्या यादीतून तुमचं नाव निघालं. खाली लिहिलंय बघा, ‘पक्के घर आहे’.

तुळजाबाई : आता ते मला काय ठावं.

हीना : तुमच्यावर चिडत नाही हो. म्हणजे थोडी चिडलेय. तीन वर्षं झाली मला पौडच्या सल्ला केंद्रात ह्या टेबलाशी बसून. घर नाही, निवारा नाही म्हणून माणसं येतात, तुमच्या त्या खुर्चीत बसून रडतात. मी अर्ज करते, चकरा मारते, आणि सर्व्हेवाला दारात आला की हीच माणसं शेजारून खुर्ची आणतात, नवी चादर टाकतात आणि त्याला सांगतात की आमचं सगळं बरं चाललंय.

तुळजाबाई : पाव्हण्यापुढं रडगाणं गायचं का मग?

हीना : तो पाहुणा नसतो, आजी.

तुळजाबाई : माझ्या दारात आला व्हता.

हीना : तुमच्या दारात नव्हता आला. तीच तर सगळी भानगड आहे. बरं, आता चांगली बातमी ऐका. आपली हरकत मान्य झालीय. उद्या अकरा वाजता पंचायतीतले शेखर म्हणून आहेत, ते परत पाहणीला येतील. ह्या वेळी तुम्ही गोठ्यापुढं उभं राहायचं. तिथंच फोटो. गोठ्याची जागा तुमच्या मालकांच्या नावावर आहे, उतारा मी काढून ठेवलाय. म्हणजे घर बांधायला जागेची अडचण नाही.

तुळजाबाई : गोठ्यापुढं फोटू. आन त्यो समद्या गावाला दिसणार.

हीना : पंचायतीच्या फायलीत राहील. ते दादाच आले का? या, कैलासदादा. गाडी लावायला जागा मिळाली?

कैलास : मिळाली एकदाची, बँकेपुढं. काय म्हणतीय आई? सांगितलं का तिनं सात खोल्यांचं?

हीना : सांगितलं. थंड पाण्याचंही सांगितलं.

कैलास : हसताय तुम्ही, मॅडम. मी त्या दिवशी कंपनीतनं आलो तर ही मलाच सांगतीय, साहेब येऊन गेला, लई चांगला माणूस, आपलं घर आवडलं त्याला.

तुळजाबाई : आवडलंच व्हतं त्याला. म्हणला, ओटा गार हाय.

हीना : दादा, मी आजींना सांगत होते, उद्याची पाहणी गोठ्यापुढं होईल.

कैलास : गोठ्यापुढंच पाहिजे का? म्हणजे, मॅडम, आमच्या गावात कसंय, एकानं बघितलं की संध्याकाळपर्यंत पिरंगुटपर्यंत जातं. कैलासनं आईला गोठ्यात ठेवली. लोक तोंडात शेण घालतील माझ्या.

तुळजाबाई : तू न्हाई ठिवली. माझी मी गेले.

कैलास : लोकांना ते सांगत बसू का?

हीना : मला सांगा. मला माहीत असलेलं बरं.

कैलास : मागच्या अंगाच्या दोन खोल्या आईच्या होत्या. आईच्या म्हणजे, राहायची तिथं. रस्त्याला शेत गेलं, उरलं त्यात काय पिकतंय? कंपनीतली पोरं खोल्या विचारत यायची. पोरीला, आरोहीला, कॉलेजला घालायचं होतं. आईच म्हणली, लाव भाड्यानं, उन्हाळ्यापुरती मी गोठ्यात निजते, म्हस विकलीच हाय.

तुळजाबाई : वारं बरं लागतं तितं.

कैलास : चार उन्हाळे झाले, मॅडम. मला कळत न्हाई का? रोज सकाळी ती फळ्या बाजूला करून बाहेर येते आन मी दुसरीकडं बघतो. आता करतो रिकामी एक खोली. पोरं दिवाळीला गावी जाणारच हायेत, परत घेत न्हाई त्यांना.

तुळजाबाई : गेल्या दिवाळीलाबी जाणारच व्हती.

कैलास : ह्या वेळी नक्की.

हीना : दादा, तुम्ही मनापासून बोलताय हे मला दिसतंय. पण मी इथं बसून आजींना असं सांगू शकत नाही की यादी सोडा आणि दिवाळीची वाट बघा. खोली दिलीत तर उद्याच द्या, कोण नको म्हणतंय. घर मात्र त्यांच्या नावावर होत असेल तर होऊ दे. आजी, तुम्हाला काय हवंय? आम्ही दोघंच बोलत बसलोय.

तुळजाबाई : मला व्हय? मला दार पायजे.

हीना : दार?

तुळजाबाई : आतनं कडी लावायचं. गोठ्याला फळ्या हायेत. फळ्या लावल्या तरी कुत्रं आत येतं. आन चूल पायजे. मोठी नको, येवढीशी. चार वर्सं सुनंच्या हातचं खातीया. करती ती, मायेनं करती, बोल लावायचा न्हाई तिला. पन मला ह्याला जेवाया घालता येत न्हाई. कैलास, ये, गरम भाकरी टाकलीया, आसं म्हणाया माझ्यापाशी जागाच न्हाई.

कैलास : आई, हे कधी बोलली न्हाईस.

तुळजाबाई : तू कवा इचारलंस?

हीना : मग ठरलं. आता मी सगळ्यांकडून करून घेते ते करू. मी उद्याचा सर्व्हेवाला. मी विचारणार, तुम्ही उत्तरं द्यायची. आधी कागद बघू. रेशनकार्ड आणलंय?

कैलास : हे आईचं. आन हे आमचं, वेगळं हाय.

हीना : वेगळं आहे, उत्तम. मला धास्ती ह्याचीच होती. मागच्या फॉर्मवर ‘मुलगा एक, कैलास’ असं पडलंय आणि सगळे एकाच कुटुंबात धरलेत. मुलाचं पक्कं घर, आई त्याच्याबरोबर, म्हणजे आईला घर आहे असा हिशेब लावतात ते. दादा, आधारकार्ड द्या तुमचं. कैलास शंभू... शंभू? आजी, तुमच्या मालकांचं नाव कोंडाजी ना?

तुळजाबाई : व्हय.

हीना : मग हे चुकलंय का?

कैलास : न्हाई. बरोबर हाय ते.

हीना : म्हणजे?

कैलास : शंभू माझे वडील. कोंडाजी चुलते.

हीना : म्हणजे तुम्ही आजींचे पुतणे? अहो, मग हे आधी सांगायचं ना. मी आठवडाभर डोकं धरून बसलेय की मुलाचं घर कसं वेगळं दाखवायचं. प्रश्नच मिटला. पुतण्याचं घर मोजतच नाहीत. आजी, उद्या तुम्ही फक्त एवढंच सांगायचं, की मला मूलबाळ नाही. एवढं एक वाक्य. झालं काम.

हीना : आजी, उठलात कशाला?

हीना : दादा, मी काही चुकीचं बोलले का?

तुळजाबाई : ती कागदं दे इकडं, पोरी. पिशवीत घाल, कैलास. शेवटची गाडी भरून जाती.

हीना : आत्ता तर तीन वाजलेत. आणि दादांची मोटरसायकल आहे ना?

कैलास : आई, बस जरा. बस म्हणतो ना. मॅडमना ठावं नव्हतं.

हीना : मला सांगाल का कुणी?

कैलास : मी दीड वर्षाचा होतो, माझी आई गेली. मला तिचा चेहरापण आठवत न्हाई. हिनं उचलला मला. मला तर सातवीत कळलं, ते पण भांडणात, एका पोरानं सांगितलं. घरी येऊन हिला विचारलं तर हिनं त्या पोराच्या दारात जाऊन अशा शिव्या घातल्या की परत कुणी तोंड उघडलं न्हाई.

तुळजाबाई : घातल्या. आजबी घालीन.

हीना : चुकलं माझं, आजी. मला आनंद झाला तो कागद जुळल्याचा. पुढचं दिसलंच नाही.

तुळजाबाई : तुजं काय चुकलं. तुला कागूद दिसतो, तुजं कामच ते. पर ऐक. लगीन होऊन नऊ वर्सं झाली व्हती मला. गावात कुणाची ओटी भरायची असली की समद्या बाया जायच्या आन मला म्हणायच्या, तुळजा, तू चुलीकडं बघ. मी चुलीकडं बघायची. पन्नास माणसांचा भात एकटीनं शिजवायची आन बाहेर गाणी चालायची. त्यो शब्द कुनी तोंडावर म्हणायचं न्हाई. मागनं म्हणायच्या, आन मला आयकू येईल असंच म्हणायच्या.

हीना : आजी, नका सांगू, त्रास होत असेल तर.

तुळजाबाई : आता सुरू झालंय तर सांगते. शंभूची बायको गेली. दिवस घालून बाया घरला गेल्या आन ह्ये पोर माझ्या पदराला धरून उभं. मला म्हणलं, आई, भूक. कुनी शिकवलं न्हाई, काय न्हाई. त्या दिसापासनं कुणाची बिशाद झाली न्हाई मला त्यो शब्द लावायची. चाळीस वर्सं झाली. आन आता सरकार म्हणतं, तूच म्हण. गोठ्यापुढं उभी ऱ्हा, फोटू काढून दे, आन म्हण, मला मूलबाळ न्हाई.

हीना : हो. तेच म्हणतंय.

तुळजाबाई : मग ऱ्हाऊ दे त्याचं घर त्याच्यापाशी.

कैलास : आई, एक वाक्य हाय. कागदावरचं. तुझं माझं काय बदलणार हाय त्यानं?

तुळजाबाई : तू म्हणून दाखव आधी.

हीना : खरं तर दादांनाही म्हणावं लागेल. साक्षीदार म्हणून त्यांची सही लागते. फॉर्मवर एक रकाना आहे, ‘अर्जदाराशी नाते’. शेखर त्यांना तोंडी विचारतील.

कैलास : विचारू दे. मी सांगतो.

हीना : आत्ता सांगून बघा. मी शेखर. दादा, अर्जदाराशी तुमचं नातं काय?

कैलास : आई... म्हणजे, हे आपलं... परत विचारा.

हीना : अर्जदाराशी तुमचं नातं काय?

कैलास : चुलती हाय ती माझी. पण मॅडम, असं नुसतं चुलती म्हणलं तर...

हीना : नुसतं तेवढंच म्हणायचं, दादा.

कैलास : पाणी हाय का जरा?

तुळजाबाई : बघितलंस? येवढा बाप्या झाला, घाम फुटला त्याला.

हीना : आजी, आम्हाला शिकवतात की सल्ला द्यायचा, माणसाच्या वतीनं ठरवायचं नाही. म्हणून दोन्ही बाजू सांगते. उद्या तुम्ही आलेल्या माणसाला परत पाठवलंत तर ही यादी बंद होईल. पुढची कधी येईल मला ठाऊक नाही, आणि मी खोटी आशा लावणार नाही. उद्या ते वाक्य बोललात तर बहुतेक नाव लागेल. पण ते वाक्य तुम्हाला किती लागेल ते मला मोजता येत नाही. माझ्या कुठल्याच फॉर्मवर त्याला जागा नाही.

तुळजाबाई : तू माझ्या जागी असतीस तर?

हीना : हे मला विचारू नका, आजी.

तुळजाबाई : इचारलं. सांग.

हीना : माझी नानी होती, हुसेनबी. पिरंगुटला मामाच्या घरात अकरा वर्षं राहिली. मामा चांगला, मामी चांगली, कुणी एका शब्दानं दुखावलं नाही तिला. पण तिनं आपले कपडे कधी खुंटीला लावले नाहीत. एका पिशवीत घडी करून ठेवायची. मी लहान होते, विचारायची, नानी, कुठं जायचंय का? ती म्हणायची, नाही गं, अशीच. गेली तेव्हा पिशवी तशीच भरलेली होती. हे टेबल मी घेतलं ते त्या पिशवीमुळं. तर मी तुमच्या जागी असते तर घर घेतलं असतं. रडले असते आणि घेतलं असतं. आता मला ऑफिसातून बोलणी बसतील, पण तुम्ही विचारलंत.

तुळजाबाई : कुनी बोलत न्हाई तुला. मी सांगते का कुणाला.

कैलास : आई, मी एक सांगू? उद्या काय लिहायचं ते लिहू दे. पण घर झालं ना, की पहिली भाकरी मी खाणार. आरोहीच्या आधी.

तुळजाबाई : आरोहीला कुटं माझी भाकरी आवडती. तिला ती मॅगी पायजे.

कैलास : म्हणजे येणार का नाव यादीत?

तुळजाबाई : लई घाई करू नको. पोरी, परत इचार. पयल्यापासनं इचार, खोल्यांपासनं.

हीना : आजी, तुमचं घर कोणतं?

तुळजाबाई : ह्यो गोठा.

हीना : खोल्या किती?

तुळजाबाई : खोली कसली, चार फळ्या आन पत्रा.

हीना : मुलं किती?

तुळजाबाई : आजच्याला येवढं पुरं. ते उद्याच एकदा म्हणीन. दोनदा न्हाई म्हणायची मी.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, कासार आंबोलीत गोठ्यासमोर. पंचायतीचे शेखर टॅब घेऊन उभे आहेत. हीना आजींच्या बाजूला, कैलास दोन पावलं मागे.)

शेखर : आजी, फळ्यांच्या जरा ह्या अंगाला या. हां, बास. पदर नीट केला तरी चालेल.

तुळजाबाई : केलाय नीट. काढ.

शेखर : मागच्या वेळी ते समोरचं घर दाखवलं होतंत तुम्ही.

तुळजाबाई : चुकीचं दाखवलं. ते घर माझं न्हाई. मी हितं निजते, चार वर्सं झाली. आत जाऊन बघ, बाज हाय, हातरूण हाय.

शेखर : बघितलं मी. ठीक आहे. कुटुंबात कोण कोण?

तुळजाबाई : मी येकटी.

शेखर : मालक?

तुळजाबाई : वारले. बारा वर्सं झाली.

शेखर : मुलं किती?

हीना : सावकाश सांगा, आजी. घाई नाही त्यांना.

तुळजाबाई : मला मूलबाळ न्हाई.

शेखर : मागच्या फॉर्मवर एक मुलगा दिसतोय.

तुळजाबाई : त्यो बी मीच सांगितला व्हता. खोडून टाक. मला झालंच न्हाई.

शेखर : खोडलं. आता साक्षीदार. कैलास शंभू, तुम्हीच का? पुढं या दादा. अर्जदाराशी नातं काय तुमचं?



तुळजाबाई : पुतण्या हाय. धाकल्या दिराचा. रेशनकार्ड बघ, आधार बघ, समद्यावर शंभूच हाय. हितं सही करायची ना? कैलास, कर सही.

शेखर : बरं, बरं. पुतण्या. कागदपत्रं जुळतायत. सही झाली, आता अंगठा ठेवा दादा ह्याच्यावर. झालं. हीनाताई, माझ्याकडून मी पाठवतो आज. नाव परत लागायला हरकत दिसत नाही.

हीना : आभारी आहे, शेखरभाऊ. आजी, ऐकलंत का? लागेल म्हणाले नाव.

तुळजाबाई : आयकलं.

हीना : आत या, बाजेवर बसा जरा. एवढं सगळं एकटीनं कशाला अंगावर घेतलंत? नात्याचं तेवढं दादा बोलले असते. सकाळपासून मला दोनदा म्हणून दाखवलं त्यांनी, चुलती, चुलती म्हणून.

तुळजाबाई : म्हणून तर मी आधी बोलले, पोरी. खोटं बोलाया लागला की कान लाल व्हत्यात त्याचं, ल्हानपणापासनं. सायबानं वळखलं असतं.